आखीन एक डाव

आमच्या नाचाच्या बाईंना ‘छान’ हा शब्द येतच नव्हता. ‘वा’ नाही, ‘शाब्बास’ नाही, काही नाही. कारंजा गावातल्या धर्मशाळेच्या फरशीवर आम्ही पोरी घामाघूम होऊन नाच संपवायचो, मोठ्या आशेनं त्यांच्याकडे बघायचो, आणि बाई तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत एवढंच म्हणायच्या, “आखीन एक डाव!” म्हणजे पुन्हा, पहिल्यापासून. गावानं त्यांचं नावच एकडावबाई पाडलं. भाजीवालीसुद्धा ‘एकडावबाई, कोथिंबीर घ्या’ म्हणायची आणि बाई ओ द्यायच्या. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी त्यांचं खरं नाव मला आठवावं लागतं.

मी पोरींत सगळ्यात उंच आणि काडीसारखी, म्हणून मला त्या ‘धांडा’ म्हणायच्या, म्हणजे ज्वारीचं उभं ताट. लहानपणापासून मला एकच ध्यास होता. एकदा, फक्त एकदा, माझा नाच बघून बाईंनी ‘बस, झालं’ म्हणावं. बाकी पोरींना बक्षिसं हवी असत, मला ते दोन शब्द हवे होते.

बाई अमरावतीला शिकलेल्या, लग्न होऊन कामरगावात आलेल्या. तिथून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून कारंज्याला यायच्या. सुरुवातीला चांगल्या घरची पोरगी नाचायला कोण पाठवणार? माझ्या बाबांनी तर दारातच सांगितलं, “आमच्या घरच्या पोरी नाचत नाहीत.” बाई निवांत ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, “भाऊ, भुलाबाईच्या सनात हेच पोरगी टिपऱ्या घेऊन आंगनात उड्या मारते, तवा तुमी कवाड लावता काय? त्याच उड्या मी जराशा सुद्या करून देतो.” बाबांना हसू फुटलं आणि माझं काम झालं. आईनं लगेच चहा टाकला.

तालाचे बोल मात्र आमच्या जिभेला वळेनात. मग बाईंनी बोलच बदलले. “तूर, तूर, सोयाबीन!” तुरीला पाय सावकाश टाकायचे, सोयाबीनला भरभर, आणि गिरकी आली की ‘कपाशी’. हे आम्हाला असं काही चढलं की शाळेत जाता-येताना पाय आपोआप पडायचे. बाई बजावायच्या, “मनातल्या मनात म्हना बरं. तोंडानं म्हनसान तं लोकं हसतीन.”

आणि झालं तेच. शाळेच्या गॅदरिंगला भर दुपारी ऐन रंगात लाइन गेली. गाणं बंद! पोरी जागच्या जागी थिजल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी मोठ्यानं ओरडले, “तूर, तूर, सोयाबीन!” झालं, सगळ्या सुरू झाल्या. मंडपात निम्मे लोक बाजार समितीत माल आणणारे. एकजण मागून ओरडला, “भाव काय निंगाला वं?” हशा नुसता! पण आम्ही थांबलो नाही, शेवटच्या कपाशीपर्यंत नाचलो. विंगेत बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता म्हणतात! बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “लाइन येऊ दे. मंग आखीन एक डाव.”

मी अशी रुसले की क्लासच सोडला. बाई घरी आल्या. मी दाराआड. बाहेरूनच बोलल्या, “धांडा, कायले रुसली वं? एक डाव म्हनतो, म्हंजे तुयात अजून बाकी हाये. ज्या दिवशी बस म्हनीन, त्या दिवशी रडजो.” मला त्यातलं काही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी घुंगरं घेऊन हजर होते.

पुढे लग्न झालं, पुण्याला आले. सोसायटीच्या हॉलमध्ये माझा स्वतःचा क्लास सुरू झाला. मी बाईंना मोबाइलवर नाचाचा व्हिडिओ पाठवायची. त्यांचा आवाज यायचा, “पाह्यला. आखीन एक डाव.” मी चिडायची आणि त्याच रागात परत नाचायची. त्या आवाजासाठी आता जीव तुटतो माझा.

मग एक दिवस त्यांच्या सुनेचा फोन आला, “बाईनं अंथरून धरलं. धांड्याले बलाव म्हनून राह्यल्या.” मी मिळेल त्या गाडीनं कामरगावला गेले. सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लावलेल्या खोलीत बाई खाटेवर पडल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “नाच.”

“इथं, बाई?”

“मंग काय मंडप टाकू?”

मी पदर खोचला. खाट आणि पोती यांच्यामधल्या तेवढ्याशा जागेत नाचले. वाकळीवर त्यांची बोटं चालत होती. तूर, तूर, सोयाबीन. नाच संपला. धापा टाकत मी त्यांच्याकडे बघितलं, लहानपणी बघायचे तशीच.

बाई हळूच म्हणाल्या, “बस, माय. झालं.”

हेच तर मला हवं होतं ना, जन्मभर? पण मी खाटेशी बसले, त्यांचे पाय धरले. “नाही बाई, असं नका म्हणू. अजून बाकी आहे म्हणा.” बाई नुसत्या हसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. वाकळीवरची बोटं मात्र अजून हलत होती.

मी उठले. डोळे पुसले, पाय जुळवले.

“आखीन एक डाव, बाई,” मीच म्हणाले, आणि पहिल्यापासून सुरू केलं.