वेल्ह्याच्या मास्तरांची काच

त्या मास्तरांचा मला अजून राग आहे. आता त्यांचं वय झालंय, ऐकायला कमी येतं, असं कुणी सांगितलं की तेवढ्यापुरता मी गप्प बसतो. राग जात नाही.

मी किनवटकडचा. आठवीत शाळा सोडली आणि कामाच्या मागे फिरत फिरत शिवऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागलो. तिथं एकदा एका गिऱ्हाइकाचा मोबाईल दिसेना. सगळ्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मोबाईल नंतर त्याच्याच गाडीत सीटखाली सापडला, पण तोवर माझी पत्र्याची पेटी अंगणात उलटी करून झाली होती. माझे कपडे, आईचा फोटो, दाढीचा ब्रश, सगळं मातीत. ‘सापडला रे’ असं कुणीतरी ओरडलं आणि जो तो आपल्या कामाला लागला. पेटी मीच भरली.

त्याच हॉटेलात चहाला थांबणाऱ्या एका म्हाताऱ्यांनी मला पूर्वी सुरीच्या टोकानं भिंतीवरचं घड्याळ चालू करताना पाहिलं होतं. त्या दिवशी तेही तिथं होते. मी पेटी भरत असताना जवळ आले आणि म्हणाले, “भोरला येतोस का? काम बारीक आहे, शिव्या भरपूर आहेत.” गेलो. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो.

काकांचा भोरला फोटो स्टुडिओ होता. मोबाईल आले आणि स्टुडिओ बसला. पण जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती त्यांना येत होती, आणि ती येणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. त्यामुळं कुठून कुठून कुरिअरनं खोकी येतात. तोरण्यावर चढायला आलेली पुण्याची मुलं गळ्यात आजोबांचा कॅमेरा अडकवून येतात, गड उतरेपर्यंत त्याचं शटर अडकलेलं असतं, मग आमचा पत्ता विचारत येतात.

शिव्यांचं काकांनी खरंच सांगितलं होतं. पहिलं वर्षभर मी फक्त स्क्रू काढले आणि लावले. “स्क्रू आहे तो, विहीर खणायची नाहीये.” माझ्या बोलण्याची नक्कल तर रोजची. मी ‘करतोय’ऐवजी आमच्याकडचं ‘करूलालो’ म्हटलं की ते पलीकडच्या पानवाल्याला हाक मारून सांगायचे, “ऐका हो, आमचे साहेब काम करूलाले!” मी कान पाडून काम करायचो. राग यायचा, पण राग आला की मला ती पेटी आठवायची. इथं माझ्या हातात लोकांचे महागामोलाचे कॅमेरे होते आणि संध्याकाळी कुणी माझे खिसे तपासत नव्हतं.

काकांचे दोन नियम. सांगितलं तेवढंच करायचं. शटरसाठी आलेल्या कॅमेऱ्याचं शटरच करायचं, दुसरं काही दिसलं तर गिऱ्हाइकाला विचारायचं. आणि आतून जे जे निघेल ते पुडी बांधून परत द्यायचं. झिजलेला स्क्रू, गंजलेली स्प्रिंग, काळ्या स्पंजाचा चुरा, सगळं वर्तमानपत्राच्या कागदात. “दुरुस्तीवाला आतलं चांगलं काढून घेतो, असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून त्याच्या घरचा कचरासुद्धा त्याच्या हातात ठेवायचा,” ते म्हणायचे.

मास्तरांचा कॅमेरा आला तेव्हा मला काकांकडं चार वर्षं झाली होती. मास्तर म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, राहणार वेल्हे, तोरण्याच्या पायथ्याचं. नोकरीत असताना त्यांनी एक जपानी कॅमेरा घेतला होता, आणि त्या खोऱ्यातली कितीतरी वर्षांच्या लग्नांचे, बारशांचे, साखरपुड्यांचे फोटो त्यांनीच काढलेले. शटर अडकत होतं. काका म्हणाले, “हा तू कर. सगळा तूच कर.” माझ्या एकट्यावर सोपवलेला तो पहिला कॅमेरा.

शटर मी केलं. मग लेन्स उजेडात धरली तर आत बुरशी, आणि मागच्या काचेवर तेलकट धुरकटपणा, थंडीतल्या खिडकीवर असतो तसा. वेल्ह्याच्या पावसात कपाटात राहिलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याला ते होतंच. मला राहवेना. काकांनी विश्वास टाकलाय, तर नव्यासारखा करून देऊ, असं डोक्यात बसलं. विचारलं नाही, ना मास्तरांना ना काकांना. लेन्स खोलली, एकेक काच पुसली, परत बसवली. इतकी स्वच्छ झाली की समोर धरली तर काच आहे की नाही कळत नव्हतं. पुडीत दोन स्क्रू आणि स्पंज बांधला. पुसलेला धुरकटपणा पुडीत कसा बांधणार?

मास्तर कॅमेरा घेऊन गेले. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. काकांनी ऐकून घेतला आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, “लेन्सला हात लावला होतास?”

मी हो म्हणालो. काकांनी हातातला चिमटा टेबलावर आपटला. “चल वेल्ह्याला.”

नसरापूरला एसटी बदलली. मी खिडकीतून बघत होतो आणि भोरमधली माझी खोली सोडावी लागली तर सामान किती भरेल याचा हिशेब करत होतो. पेटी तीच होती, शिवऱ्याची.

मास्तर स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसले होते, आणि एकटे नव्हते. पाचसहा जण आधीच गोळा केलेले. बाकावर फोटोंचं पाकीट. नातीच्या साखरपुड्याचे फोटो होते, पुण्याला रोल धुवून आणलेले. मी एक उचलला. मास्तरांच्या मंडळी होत्या, हातात हळदीकुंकवाचं ताट. सुंदर फोटो. कपाळावरची प्रत्येक रेघ दिसत होती, गालावरचे देवीचे व्रणसुद्धा.

“बघा,” मास्तर म्हणाले. “सगळ्या खोऱ्यात विचारा, माझ्या फोटूत बायामाणसं कशी मऊ दिसायची. नवरीच्या तोंडावर चांदणं पडल्यावानी. लोक म्हणायचे, मास्तर, कॅमेऱ्यात काय जादू हाय? आन् ह्ये बघा. घरात कुणी बोलंना माझ्याशी. म्हातारी म्हनती, ह्या फोटूत मी मेल्यावानी दिसतीया. माझी काच ह्यानं काढून घेतली, आन् दुसरी घातली.”

“मास्तर, काच तीच आहे,” मी म्हणालो. “मी फक्त पुसली. आत बुरशी होती—”

“बुरशी? माझ्या कॅमेऱ्यात बुरशी? आन् पुसायला कुणी सांगितली व्हती तुला?”



एक जण म्हणाला, “कुठला रं तू?” मी सांगितलं. “लई लांबून आलास की काचा गोळा करायला.” सगळे हसले. टपरीवाला म्हणाला, “काढा ओ ह्याची पिशवी, बघू तरी.” आणि त्यानं खरंच माझ्या खांद्यावरच्या पिशवीला हात घातला.

मी पट्टा घट्ट धरला. पिशवीत डबा होता फक्त, पण मी सोडेना. मला शिवऱ्याच्या अंगणातला तो अर्धा तास पुन्हा नको होता. आणि मी सोडत नाही म्हटल्यावर सगळ्यांची खात्रीच पटली. माणसं बाकावरून उठली. मास्तर म्हणाले, “चौकीत नेऊ याला. तिथं बरोबर सांगंल.”

तेवढ्यात काका म्हणाले, “पिशवी सोडा त्याची. काच मी बदलली.”

टपरीवाल्याचा हात खाली आला.

“मास्तर, ह्याला काय कळतंय त्यातलं? हा स्क्रूवाला. काच चांगली वाटली, मीच ठेवून घेतली. आठ दिवसांत तुमची तुम्हाला आणून देतो.”

मी “काका—” म्हणालो. त्यांनी डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं.

मास्तरांचा सगळा जोर गेला. काका पलीकडच्या तालुक्यातले का होईनात, ओळखीचे, वयाचे, त्यांच्याशी चौकीची भाषा करता येईना. “तुमी, भाऊ? तुमी असं करावं?” एवढंच म्हणत राहिले. मग वर, “आणून देताय तर झालं. मानूस चुकतो.” मला जे चौकीत नेण्याजोगं होतं, ते काकांना माणूस चुकतो म्हणून माफ झालं. टपरीवाल्यानं त्यांना चहासुद्धा दिला. मला नाही.

भोरला आल्यावर काकांनी मास्तरांकडून परत आणलेल्या कॅमेऱ्याची लेन्स काढून माझ्यापुढं ठेवली. “आता मळव.”

मला वाटलं, ते शिवी देताहेत. ते खरंच सांगत होते. चमच्यात जुनं ग्रीस घ्यायचं, खालून जरा तापवायचं, आणि वाफेवर मागची काच आतल्या अंगानं धरायची. पातळ थर बसतो. कुणी पुन्हा पुसलं तर निघून जातो, काचेला काही होत नाही.

“मी नाही करणार,” मी म्हणालो. “चोरी केली नाही ते केली म्हणालात. माझं एवढं चांगलं काम—”

“चांगलं काम!” ते ओरडले. “विचारलंस का त्यांना? त्यांची काच होती ती, तुझी नाही. त्यांना धुरकट हवी तर धुरकट. आणि माझ्या नावाचं मी बघतो. तुझी पेटी शिवऱ्याला बघितली होती मी उलटी केलेली. दोनदा बघायची नाही मला.”

मी चमचा तापवला. माझ्या हातानं पुसलेली पहिली लेन्स माझ्याच हातानं आंधळी केली. दोन वेळा थर जास्त बसला, पुसून पुन्हा केली. असलं काम मी आधी कधी केलं नव्हतं, आणि ते मी इतकं मन लावून करत होतो याची मला किळस आली.

आठव्या दिवशी मी एकटाच वेल्ह्याला गेलो. मास्तरांनी ओट्यावर येऊन काच उजेडाकडं धरली, एक डोळा मिटला, आणि त्यांचं तोंड पोरासारखं फुललं. “हीच! हीच माझी काच! लाखात वळखीन मी.” मंडळींना बाहेर बोलावून दाखवली. मला पाणी दिलं, बसायला पाट दिला. मग खाली वाकून हळूच म्हणाले, “तुला त्या दिशी लई बोललो. मनात ठेवू नको. पर एक सांगतो, तुझ्या मालकाची नियत बरी न्हाई. जपून ऱ्हा. उद्या ते तुझ्यावरबी ढकलतील.”

मला गप्प बसायला सांगितलं होतं. बसवलं नाही.

“मास्तर, काकांनी काही बदललं नाही. काच पहिल्यापासून हीच. मी पुसली होती, आता तुमच्यासाठी परत मळवली. तुम्ही मला चौकीत नेणार होता म्हणून ते तसं बोलले.”

मास्तरांनी काच पुन्हा वर धरली. 

“तुला वाचवायला?”

“हो.”

“तू कोन लागतोस त्यांचा?”

भाचा नाही, पुतण्या नाही, गावचा नाही. मी म्हणालो, “त्यांच्याकडं कामाला आहे.” ते उत्तर नव्हतं हे मलाही कळत होतं.

“पुसून देऊ का आत्ता? तुमच्यासमोर?” मी विचारलं.

“नगं, नगं,” दारातून मंडळीच म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या तशीच. ह्यात मी बरी दिसती.”

मी मास्तरांना म्हणालो, “मग टपरीवर चला. त्या दिवशी जे होते त्यांना सांगा, काकांनी चोरी केली नाही म्हणून.”

मास्तरांनी कॅमेरा पिशवीत घातला, चेन लावली. “आता कशाला उकरायचं ते? मिटलं न्हवं? आन् सगळ्यांम्होरं मी येडा ठरू का, की माझीच काच मला वळखता आली न्हाई?”

मी हात जोडले. उठून आत गेले ते.

मग मी एकटाच टपरीवर गेलो आणि सांगितलं. त्यातले तिघं होते. टपरीवाला म्हणाला, “मालकाचं खातोस, तर मालकाचंच बोलनार. मास्तर येऊन सांगू द्या, मग बघू.” एसटी लागली होती, मी चढलो.

भोरला काकांनी विचारलं, “घेतली का?”

“घेतली. आणि मी खरं सांगितलं. टपरीवर पण.”

मला वाटलं, आता चिमटा येतो अंगावर. ते नुसते म्हणाले, “कुणी ऐकलं?”

“नाही.”

“ऐकणार नव्हतंच. गाढवा, म्हणून तर मी बोललो. माझ्यावर बसलं तर मी इथंच राहतो, तुझ्यावर बसलं तर तू कुठं जाणार होतास?” आणि डोळ्याला भिंग लावून खाली वाकले.

त्याला आता दोन वर्षं झाली. वेल्ह्याकडून आमच्याकडं कॅमेरा येत नाही. गेल्या महिन्यात तोरण्यावरून उतरलेली एक मुलगी अडकलेला कॅमेरा घेऊन आली. दारातच उभी राहिली आणि संकोचून म्हणाली, “वेल्ह्याच्या स्टँडवर एका चहावाल्यानं सांगितलं की भोरला लेन्स बदलतात. मी इथं समोर बसले तर चालेल का?”

काकांनी स्टूल पुढं सरकवलं. म्हणाले, “बसा की.”

तिच्यासमोर कॅमेरा मी उघडला. निघालेला एकेक स्क्रू तिच्यापुढं कागदावर ठेवत गेलो. मास्तर अजून जिवंत आहेत, फोटोही काढतात म्हणे. त्यांना वेल्ह्यातल्या वेल्ह्यात स्टँडपर्यंत चालत जाऊन एक वाक्य बोलायचं आहे फक्त.