पाच शेजाऱ्यांचा छर्रा

माझे वडील निघोजेच्या एका कंपनीत बेअरिंगचे छर्रे तपासायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी मी पहिला चढलो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला, एकाच थराचा स्फटिक वितळतो कसा. अणूंच्या जागी छर्रे ताटात हलवून त्यांचे फोटो काढायचे होते. सर वर्गासमोर म्हणाले, "वडील छर्रे निवडतात ना? तेच कर राव, हे तुला झेपायचं नाही." सगळे हसले. मी ते विसरलो नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सर त्यांना म्हणाले, "याच्या फोटोंत काही छर्र्यांना पाचच शेजारी दाखवलेत. मोजणीच चुकलीय, स्फटिकात प्रत्येकाभोवती सहा हवेत." हे मान्य झालं असतं तर मी नापास झालो असतो.

वडिलांनी कंपनीतून मागून आणलेले रिजेक्ट छर्रे मी ताटात एका थरात पसरले आणि ताट हलवलं.

"सर, मोजा. या छर्र्याला शेजारी किती?"

"पाच."

"आणि त्याच्या बाजूच्याला?"

"सात."

परीक्षकांना मी सांगितलं, वितळणं इथूनच सुरू होतं. अशा पाच-सातच्या जोड्या मोकळ्या फिरू लागल्या की रांगा मोडतात. मग जोडीतले पाच शेजाऱ्यांचा आणि सात शेजाऱ्यांचा छर्राही एकमेकांना सोडून गेले की उरतो तो द्रव. परीक्षक मान डोलावत होते. माझं काम झालं होतं. तरी मी सरांना आणखी दोनदा मोजायला लावलं, बोट लावून.

छर्र्यांचं तेल त्यांच्या बोटांना लागलं. त्यांनी रुमाल मागितला. माझ्या खिशात धुतलेला रुमाल होता. मी नाही म्हणालो.