कणसरी बाहेर असताना

माझ्या काकांच्या तोंडासमोरचा माइक उचलला गेला, तेव्हा कणसरी अजून घराबाहेर होती.

आधी टाळ्या वाजल्या. आमच्याकडे कथा गाणाऱ्यापुढे कोणी टाळ्या वाजवत नाही. काकांना वाटलं काहीतरी झालं. साप निघाला, कोणी पडलं. ते थांबले, मान वर करून पाहू लागले. तेवढ्यात शुभाताई पुढे आल्या. त्यांनी माइक हातात घेतला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "वा! काय मातीतला आवाज! छान वातावरण तयार झालं. आता आपण मुख्य मैफलीकडे वळू या."

काकांचा अंगठा घांगळीच्या तारेवर तसाच होता. त्यांनी मला शोधलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते.

"पोरी, ती भायेर आहे अजून," ते म्हणाले.

कोणीतरी हसलं.

कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. भात झोडून घरात आलं की पाड्यावर तिची कथा गातात. दोन वाळलेले दुधी भोपळे, मध्ये बांबू, त्यावर तार, अशी घांगळी मांडीवर घेऊन गाणारा बसतो. पुढे नव्या तांदळाची टोपली. कथेत कणसरीचा अपमान होतो, ती रुसते आणि घर सोडून निघून जाते. घरात चूल पेटत नाही. मग तिला शोधायचं, विनवायचं आणि उंबऱ्याच्या आत आणायचं. ती आत आली की कथा संपते. मध्ये कोणी उठत नाही. गाणं अर्ध्यात सोडलं तर ती बाहेरच राहते.

ही गोष्ट मी ताईंना आधी सांगितली होती. समोर बसून एकदा, फोनवर एकदा. "ताई, कथा मध्येच तोडता येत नाही. संपायला दुपार होते." दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "हो गं हो. तू काळजी करू नकोस."

मी जव्हारला मुलींच्या वसतिगृहात गृहपाल आहे. गाद्या, साबण, खोबरेल, तापाच्या गोळ्या, कोणाच्या पायात काटा, कोणाला घरची आठवण. रोजच्या कामांची यादी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहायची सवय आहे. माणूस एकटं असलं की यादीची सोबत होते. लग्न केलं नाही. आईबाप गेले. दाभोशाकडच्या आमच्या पाड्यावर आता काका तेवढे उरलेत. मी तिथे गेले की "मॅडम आल्या" म्हणून कुणाकडची तरी प्लास्टिकची खुर्ची येते. मला तिच्यावर बसवतात आणि सगळे खाली बसतात. कितीदा म्हटलं, मीही खाली बसते. ऐकत नाहीत. खुर्चीवरून चुलीपाशी चाललेलं बोलणं नीट ऐकूही येत नाही.

शुभाताई आणि त्यांचे मिस्टर मुंबईचे. गावाबाहेर पठाराच्या कडेला त्यांनी घर बांधलं. दरीकडे तोंड केलेला, काचेच्या भिंतीचा मोठा हॉल. हिवाळ्यात अधूनमधून रविवारी सकाळी तिथे गाणं व्हायचं. तिकीट नाही, फलक नाही. ओळखीची माणसं गाड्या काढून यायची, गाद्यांवर बसायची आणि गवई त्यांच्यापासून हातभर अंतरावर गायचा.

ताई एकदा वसतिगृहात ब्लँकेटं वाटायला आल्या होत्या. जाताना मला म्हणाल्या, "तुला गाणं आवडतं का गं?"

हे मला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. माझ्याकडे लोक चाव्या मागतात, दाखले मागतात, सुट्टी मागतात. मी म्हणाले, "आवडतं." आणि गेले.

पहिल्या वेळी गाद्या कमी पडल्या, म्हणून मी आणून दिल्या. दुसऱ्या वेळी नाश्ता उशिरा आला, तो मी मार्गी लावला. त्यानंतर सगळंच माझ्याकडे आलं. एसटी स्टँडवरून साथीदारांना आणणारी जीप, गवयाला कोमट पाणी, चपलांची रांग, वीज गेली तर इन्व्हर्टर. ताई म्हणायच्या, "आपली मैफल मस्त झाली हं." आपली. हा शब्द मी घरी घेऊन यायचे. पुढचा आठवडा त्यावर जायचा.

माझी जागा स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथून अर्धा गवई दिसायचा, पण ऐकू पूर्ण यायचं. गवयानं डोळे मिटले की हॉलमध्ये कोणी हलायचं नाही. एकदा आलाप चालू असताना माझ्या हातून कप बशीवर वाजला. ताईंनी मान वळवून फक्त पाहिलं. त्यानंतर मी कप आणि बशा वेगवेगळ्या ट्रेमध्ये न्यायला लागले.

म्हणजे चालू गाण्यात व्यत्यय आणायचा नसतो, हे त्या घराला पक्कं माहीत होतं.

काकांना बोलवायची कल्पना ताईंची. "तुझे काका ते वाद्य वाजवतात ना? आपल्याकडे आण त्यांना." काका आधी तयार नव्हते. "तिथं होकार कोण देल?" एवढंच त्यांचं म्हणणं. कथा गाणारा ओळ टाकतो आणि समोरच्यांनी "हां" म्हणायचं असतं. "हां" आला नाही तर गाणारा पुढे जात नाही. ऐकणारे झोपले, असा त्याचा अर्थ होतो. मी म्हणाले, "मी देईन."

तर त्या सकाळी मी दारातून उठून भिंतीशी, काकांच्या समोर जाऊन बसले. त्या हॉलमध्ये गादीवर बसायची माझी ती पहिलीच वेळ. काकांनी तार छेडली. पहिली ओळ. मी म्हणाले, "हां." दुसरी ओळ. "हां." आवाज पाड्यावर द्यायचा तसाच दिला, पोटातून.

माना वळल्या. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. ताई वाकून वाकून माझ्यापर्यंत आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "तू मध्ये मध्ये बोलू नकोस गं. रेकॉर्डिंग चालू आहे."

"ताई, तो होकार आहे. द्यावाच लागतो."

"हो, पण मनात दे ना."

काका थांबून राहिले होते. पुढची ओळ "हां"शिवाय येणार नव्हती. मी पुन्हा दिला. ताई सरळ उभ्या राहिल्या. मग मला हाताची खूण केली, दाराकडे. चहाचं बघ. सगळ्यांसमोर. मी उठले. दाराशी जाऊन उभी राहिले आणि तिथून "हां" देत राहिले, हळू आवाजात. कणसरी रुसून घराबाहेर पडली, पाठ फिरवून चालायला लागली, आणि टाळ्या वाजल्या.

काका उठेनात. गवयाचा तानपुरा जुळवून तयार होता. ताई माझ्यापाशी आल्या. "अगं, तू समजाव ना त्यांना. तुझं ऐकतील."

पुढच्या गादीवरचे एक गृहस्थ चांगल्या मनाने म्हणाले, "त्यांना बाहेर ओट्यावर बसून पूर्ण करू द्या की. लांबून ऐकू येत राहील, छान वाटेल."

काकांनी ते ऐकलं. ते त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलले. "मीच भायेर बसलो तं तिला आत कोण आणल?"

ज्या साली वावर-वांगणीकडची लेकरं उपासमारीने गेली आणि ते पेपरांत आलं, त्या साली काकांची धाकटी मुलगीही गेली. आमच्या पाड्याचं नाव कुठे छापून आलं नाही. मी तेव्हा आश्रमशाळेत होते, घरी गेले तेव्हा पाळण्याची दोरी नुसती लोंबत होती. त्या सालापासून काकांनी कणसरीला बाहेर ठेवून कथा थांबवलेली नाही. ताप असला तरी नाही, आवाज बसला तरी नाही. ती बाहेर राहिली तर काय होतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मलाही नाही.

मी म्हणाले, "मी समजावणार नाही, ताई. तुम्ही थांबा."

"अगं, पाहुणे बसलेत."

"काकाही पाहुणेच आहेत. मी बोलावलंय त्यांना."

ताई रागावल्या नाहीत. आवाज आणखी खाली आणून, हसत, लहान मुलीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तू बोलावलंस? घर कोणाचं आहे?"

बास. एवढंच.

मी हॉलकडे पाहिलं. गाद्या मी घातलेल्या. पडदे मी बांधलेले. समईत तेल मी घातलेलं. आणि घर त्यांचं. 'आपली' हा शब्द त्यांनी मला वापरायला दिला होता, ब्लँकेटासारखा.

मी गाद्यांवरून चालत पुढे गेले. पाय न पुसता. तांदळाची टोपली फोटोसाठी समईजवळ सरकवून ठेवली होती, ती उचलली. काकांना म्हणाले, "उठा. माझ्या घरी चला. तिथे संपवा."

"अगं, आणि जेवणाचं कोण बघणार?" मागून ताईंचा आवाज आला.

मी वळले नाही.

रस्त्यावर वडाप जीप मिळाली. मांडीवर टोपली घेऊन मी मागे बसले, काका शेजारी. कथा उघडी होती म्हणून ते एक शब्द बोलले नाहीत. मी बाटली पुढे केली, त्यांनी मान हलवली. तारेवरचा अंगठा त्यांनी सगळ्या वाटेवर उचलला नाही. जीपवाला म्हणाला, "मॅडम, कोणाचं लगीन?" मी म्हणाले, "कोणाचंच नाही."

माझं घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत चटई टाकली. टोपली मध्ये ठेवली. दार उघडं ठेवलं, कारण ती येणार कुठून? कथा मध्येच तुटली होती, म्हणून काकांनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि मी होकार द्यायला लागले. शेजारची लता धावत आली. "काय झालं गं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. बस. पण बसलीस तर उठायचं नाही."

"माझी भाजी चुलीवर आहे," म्हणाली आणि गेली.

मी एकटीच उरले. एक गाणारा, एक ऐकणारी. माझा "हां" रिकाम्या भिंतींना लागून परत येत होता. घसा सुकला. उन्हं कलायला लागली तेव्हा कणसरी उंबऱ्याच्या आत आली. काकांनी तार सोडली, पाणी मागितलं आणि म्हणाले, "झाला." संध्याकाळच्या गाडीने पाड्यावर गेले. त्या रात्री मी जेवले नाही. कोणाशी बोलावं, असं कोणी नव्हतं.

ताईंचा मेसेज आला. "गैरसमज नको. पुढच्या वेळी गाद्या देशील ना?" मी लिहिलं, "नाही." मग त्यांनी मला मैफलीच्या ग्रुपमधून काढलं. त्या घरी आता कोणीतरी दुसरी चपला लावत असेल.

आता मी माझ्या पुढच्या खोलीत गाणं ठेवते. पाड्यावरची माणसं येत नाहीत. म्हणतात, नोकरीवालीच्या घरात आम्ही कुठं बसायचं. गावातली येत नाहीत. म्हणतात, हे कसलं गाणं. वसतिगृहातल्या मुली येतात, पण त्यांना सातच्या आत परत न्यावं लागतं. काका येतात. परवा काकांच्या ओळखीचा मोखाड्याकडचा एक म्हातारा आला. गायला, चहा न घेता गेला. कित्येकदा समोर मी एकटीच असते.

असू दे. घरातली एकुलती खुर्ची मी विकली. माझ्या घरात सगळे चटईवर बसतात. गाणारा थांबल्याशिवाय कोणी उठणार नाही, कोणी टाळी वाजवणार नाही आणि गाणाऱ्याला ओट्यावर बस म्हणणारा या उंबऱ्याच्या आत येणार नाही. ताई आल्या तरी त्यांनाही हेच.

मनात होकार मी आयुष्यभर दिला. वर्गात दिला, कचेरीत दिला, त्या काचेच्या हॉलच्या दाराशी दिला. आता देणार नाही. येत्या रविवारी काका पुन्हा येणार आहेत. दार उघडं असेल. कोणी आलं नाही तरी मी काकांच्या समोर बसेन आणि प्रत्येक ओळीला "हां" म्हणेन. पोटातून. रस्त्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.