महांतेशचं बारावं विमान

महांतेशच्या पायाला भिंगरी होती म्हणावं, तर तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपलीकडं फारसा कधी गेला नाही. भिंगरी होती ती डोळ्यांना. घार दिसली की मान वर आणि मोटरसायकल गटारीत. असं दोनदा झालं.

तो फाउंड्रीत लाकडी पॅटर्न करायचा. ओतकामाचा साचा त्यावरून घेतात. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा केसभरही वेगळे चालत नाहीत. बावीस वर्षांत हात तसाच बसला होता. मंगळवार पेठेतल्या घरी माळ्यावर तो सावरीच्या हलक्या लाकडाची बिनइंजिनाची विमानं करायचा. अकरा झाली. अकराही जोतिबाच्या डोंगरावरून सोडली, धोंड्यासारखी पडली, आणि मोडकी गोळा होऊन पुन्हा माळ्यावर आली.

२००४ च्या उन्हाळ्यात बायको, रत्नव्वा, म्हणाली, "बारावं उडालं न्हाय तर समदा पसारा बंबात घालणार. ध्येनात ठिवा."

ती बोलायची तसंच करायची. महांतेशला घास गोड लागेना. शेजारच्या कृष्णातनं कबुतरं पाळली होती. त्यातलं एक मागून आणून तो पंखाची मापं घेत बसला. कबुतर धरून रत्नव्वाचे हात अवघडले. सहज तिनं पंखाखालून बोट फिरवलं.

"अवो, ह्यो खालनं खोलगट हाय की! वरनं भाकरीगत फुगल्याला. तुमी दोनी अंगं सारखीच तासताय न्हवं?"

महांतेशनं स्वतः पंखाखालून बोट फिरवून बघितलं. अकराही विमानांचे पंख त्यानं वरून-खालून अगदी जुळे केले होते, आणि वर त्याचीच फुशारकी मारली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या महिन्यात खालून खोलगट पंखांचं बारावं विमान घेऊन दोघं डोंगरावर गेली. कडेला उभं राहून त्यानं चिमूटभर गुलाल सोडला. गुलाल खाली न जाता वर आला आणि रत्नव्वाच्या कपाळावरच्या विभूतीवर बसला. वारा उतारावर आपटून वर चढत होता. घारी त्याच्यावरच पंख न हलवता तरंगत होत्या. त्यानं विमान सोडलं.

ते खाली गेलं, सावरलं आणि चढलं. घारींच्या मधोमध गेलं. एक घार बाजूला सरली. महांतेश हमसून हमसून रडायला लागला. विमान वळलं, दरी ओलांडून ठिपक्याएवढं झालं आणि दिसेनासं झालं.

"गेलं की वो," रत्नव्वा हळूच म्हणाली. "आता बंबात काय घालू?"

"माळ्यावरची आकरा घाल," डोळे पुसत, घारींवरची नजर न काढता तो म्हणाला. "तेराव्याला जागा पायजे."