जांगडचा निळा खडा

पुण्यात दुकानात जाऊन वस्तू विकत आणणारी माणसं लाखोंनी असतील, पण दुकानात जाऊन वस्तू न आणण्याची विद्या पुरती साधलेली एकच बाई मी पाहिली. ती म्हणजे बिबवेवाडीतली आमची घरमालकीण. मी त्यांना काकू म्हणायचो. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता अख्ख्या शहराची प्रात्यक्षिक परीक्षा घेत होत्या. कुकर घ्यायचा तर दुकानदाराला त्यात पाणी भरून दाखवायला लावत. साडीचं टोक दुकानातच ओलं करून रुमालावर घासत. स्वारगेटला एकदा त्या कलिंगडांवर इतका वेळ टिचक्या मारत उभ्या राहिल्या की शेवटी गाडीवाल्यानं हात जोडले आणि म्हणाला, मावशी, तुम्हीच बसा इथं, मी जेवून येतो. मी खोली भाड्यानं मागायला गेलो तेव्हा त्यांनी ना गाव विचारलं, ना जात. स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाल्या, "नळ बंद करून दाखवा." मी केला. थेंब पडत नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी किल्ली हातात ठेवली. त्याआधी दोन ठिकाणी माझं आडनाव ऐकल्याबरोबर खोली नुकतीच गेल्याचं कळलं होतं, त्यामुळे तो नळ मी जन्मभर विसरणार नाही.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पुढं सरकारी कचेरीत लागलो तेव्हापासून काकू मला साहेब म्हणू लागल्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी उमगलं नाही. अशा बाईंनी "साखरपुड्याची अंगठी घ्यायला मी येते" म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

खरं तर काम सोपं होतं. माझी होणारी बायको सुजाता परिचारिका. तिच्या अटी दोनच: खडा निळा हवा, आणि बसका हवा, म्हणजे हातमोज्यात अडकणार नाही. हिरा आम्हाला परवडणारा नव्हता, नीलमही नाही. वडिलांनी गावाहून फोनवर एवढंच बजावलं होतं की खडा घ्या, पण ग्रह, पत्रिका असलं काही आपल्या घरात येता कामा नये. मी तसा शब्द दिला होता. साखरपुडा पुढच्या रविवारी विहारात ठरला होता, आणि कोंदणात बसवायला सोनाराला खडा बुधवारपर्यंत हवा होता.

लक्ष्मी रस्त्यावरच्या पहिल्याच दुकानात विक्रेत्यानं अदबीनं विचारलं, "ताईंची रास कुठली?"

"रास राहू द्या," काकू म्हणाल्या. "काठिण्य सांगा."

मला हायसं वाटलं. पण ते काही मिनिटंच टिकलं. दुकानातला उजेड खोटा असतो, असं जाहीर करून काकू प्रत्येक खडा बाहेर उन्हात न्यायला लागल्या. पुढं काकू, हातात भिंग; मागं दुकानाचा रखवालदार, चेहऱ्यावर संशय; त्याच्यामागं मी, मान खाली. एका खड्याच्या पोटात बुडबुडा दिसला, म्हणजे ती काच. लाजवर्द सुरेख होता, पण मऊ. दिवसभर हात धुणाऱ्या पोरीच्या बोटात किती टिकणार? एक जांभळट होता. "याला निळा म्हणणारा दुकानदार उद्या पितळेला सोनं म्हणेल," हे त्या दुकानदाराच्या समोरच. तिसऱ्या दुकानात मी घामाघूम झालो होतो आणि सुजाता स्टुलावर बसून पदराआड हसत होती. तिचं ते हसणं पाहून मी अधिकच वैतागलो.

अखेर संध्याकाळी निळा टोपाझ सापडला. कठीण, स्वच्छ, आमच्या खिशाला झेपणारा. मी पाकीट काढलं, तर काकू दुकानदाराला म्हणाल्या, "जांगड द्या." म्हणजे पसंत पडला तर ठेवू, नाही तर परत आणून देऊ. दुकानदार इतका दमला होता की काकूंनी दुकान मागितलं असतं तरी त्यानं जांगड दिलं असतं.

खडा काकूंच्या पर्समध्ये गेला, आणि तिथंच राहिला. सोमवारी विचारलं तर कडेला ओरखडा असल्याचा संशय होता. मंगळवारी आभाळ आलं होतं, तपासायला ऊन नव्हतं. बुधवारी त्या दाराच्या फटीतूनच बोलल्या. सोनाराचे फोनवर फोन येत होते. अंगठीवाचून साखरपुड्याला उभं राहायची वेळ येणार, असं दिसू लागलं. गुरुवारी सकाळी मी तावातावानं खाली गेलो. काकूंनी दार उघडलं, आत गेल्या, पलंगावरची उशी उचलली आणि खालून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली.

निळा खडा घालण्याआधी तीन रात्री उशीखाली ठेवायचा, वाईट स्वप्न पडलं तर परत करायचा, ही रीत मी ऐकून होतो.

"काकू, तुम्ही विज्ञान शिकवलंत."

"आणि चांगलं शिकवलं."

"ही रीत नीलमाची. हा टोपाझ आहे. तुम्हीच निवडलात."

"निळा आहे ना?"

"आमच्याकडे हे मानत नाहीत."

"म्हणून तर तुझ्या उशीखाली नाही ठेवला," त्या चादरीची घडी घालत म्हणाल्या. "तू वडिलांना दिलेला शब्द मोडला नाहीस."

मग मी विचारलं, खरंच काही वाईट झालं असतं तर?

"झालं असतं तर मला. माझं काय व्हायचं राहिलंय आता? तुमचं सगळं व्हायचंय अजून."

चढवून आणलेला राग कुठं ठेवावा, मला कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून स्वप्नं कसली पडली ते विचारलं.

"एकच. स्वारगेटचा कलिंगडवाला. अजून कच्चंच देत होता." मग दार लोटता लोटता म्हणाल्या, "जा आता. सोनार काय तुझ्यासाठी थांबणारे, साहेब?"

सोनार थांबला. रविवारी विहारात काकू हात जोडून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. माझ्या वडिलांना त्यांनी खड्याच्या काठिण्याबद्दल निश्चिंत राहायला सांगितलं, आणि वडिलांनीही गंभीरपणे मान डोलावली.

पुढं काकू मुलीकडे नागपूरला गेल्या. आम्ही खडकवासल्याच्या बाजूला घर घेतलं. आता सगळं सामान फोनवर मागवतो. ते दारात येतं, आम्ही बघतही नाही. काही विटतं, काही फुटतं, परत कोण पाठवतो? घर भरलंय नुसतं. त्यातल्या एकाच वस्तूवर कुणीतरी आपली झोप पणाला लावली होती, आणि ती सुजाताच्या बोटात आहे.

रात्री झोपण्याआधी मी स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद करतो. मग थोडा वेळ तिथंच उभा राहतो, थेंब पडत नाही ना ते बघत.