पदरावरची विटकी जागा

घाई म्हणजे काय हे बिरदेवला माहीतच नव्हतं. वडगाव रासाईहून एम-एटी गाडी रमतगमत चालवत यवतला यायचा आणि तिथून कंपनीच्या बसनं आमच्या कापड रंगवायच्या डाइंग कंपनीत. बाप-आजा मेंढरांमागं फिरले, हा पॉलिस्टरच्या ताग्यांमागं. आम्ही बाकीचे ऑपरेटर मशीन भसाभसा तापवायचो आणि कापडावर डाग पाडून शिव्या खायचो. बिरदेव आधी लेव्हलर ओतायचा, मग सावकाश पाणी तापवायचा. लेव्हलर म्हणजे रंग सगळीकडे सारखा बसवणारं औषध. एकीकडे रंगाची गर्दी झाली, तर तिथला रंग उठवून फिक्या जागी नेऊन बसवतं. "रंगाला बी जागा हुडकू द्यावी," म्हणायचा. आम्ही त्यालाच लेव्हलर म्हणून चिडवायचो.

त्याची बायको बानू काविळीनं गेली. मागं राहिली लेक धनश्री आणि एक जांभळी पॉलिस्टरची साडी, बानू रोज रानात नेसायची ती. उसात खुरपून खुरपून डोक्यावर येणारा पदर उन्हानं पार विटला होता. दोन हजार तीन साली धनश्रीचं लग्न ठरलं आणि पोरीनं हट्ट धरला, सासरी जाताना आईची तीच साडी नेसणार. बिनआईच्या लेकीला बापानं विटकं नेसवून धाडलं, असं पाहुण्यांच्या बायकांनी म्हणायला नको, एवढंच बिरदेवच्या डोक्यात.

साहेबांना विचारून त्यानं साडी सॅम्पलच्या लहान मशीनमध्ये घातली. रंग चिमूटभर, लेव्हलर सढळ हातानं. एकशे तीस डिग्रीवर नेली, तरी उतरवायचं नाव नाही. मी म्हणालो, "आरं, साडी रंगवतुयास का हुलगं शिजवतुयास?" तो हसला नाही. साडी बाहेर आली ती काठापासून पदरापर्यंत एकसारखी जांभळी. असं काम माझ्या हातून कधी झालं नाही, आणि मला त्याचा हेवा वाटला हे कबूल.

पाठवणीला मी तिथंच होतो. धनश्रीनं पदर डोक्यावर घेतला, पुन्हा काढला, उलटापालटा करून बघत राहिली.

"आप्पा, आईची जागा कुठंय?"

"कसली जागा?"

"विटलेली. त्याच्यासाठीच तर हीच साडी म्हणत व्हते. ती डोक्यावर आली म्हंजी आई जवळ असल्यागत वाटलं असतं."

बिरदेवची सगळी उमर डाग घालवण्यात गेली होती. त्यानं पोरीचा पदर डोक्यावर नीट केला. "गेली न्हाई, बाळा. लेव्हलर काय बी टाकून देत न्हाई, समद्या कापडात वाटतो. तुझी आई आता समद्या साडीत हाय."

पोरगी त्याच्या गळ्यात पडून रडली आणि जीपमध्ये बसली. जीप वळणाआड गेली. बिरदेव मात्र हललाच नाही.

"बरं समजावलंस तिला," मी म्हणालो.

"तिला समजावलं, व्हय," तो म्हणाला. "लोकांच्या भ्यानं करून बसलो, गड्या. कामावर निघताना मी बी रोज त्याच जागंवर हात ठिवायचो. आता कुठं ठिवू?"