ओढ्याकाठी काढलेले बूट

मी वाचलो ती देवीची कृपा, असं घरचे म्हणत. मला ते ऐकवत नसे. माझ्यावर कृपा झाली, मग संतोषवर का नाही? या एका प्रश्नापायी कित्येक वर्षं माझे हात जोडले गेले नाहीत.

तेव्हा मी सैन्यात नवा लेफ्टनंट होतो. संतोष माझ्या तुकडीतला जवान, ठाण्याच्या कोपरीतला. मी डोंबिवलीचा, म्हणून त्याचा माझ्यावर जरा हक्कच. नवरात्र चालू होतं. डोंगरातल्या गस्तीवर एका ओढ्यापाशी पाणी भरायला थांबलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहेब, मी भरती झालो तेव्हा आईने नवस बोललेला. नवरात्रात मी अनवाणी राहायचं. इथे तर बूटच सुटत नाहीत. जरा मातीला पाय लावू?"

"अरे, गस्तीवर आहेस, टेंभी नाक्याच्या देवीपुढे नाही!"

सगळे हसले. पण त्याचा चेहरा पाहून मीच म्हणालो, "बरं, काढ. आटप लवकर." गस्तीवर बूट काढू द्यायचे नसतात, हे मला ठाऊक होतं.

ओल्या मातीत उभा राहून त्याने हात जोडले. "तुम्ही पण या की साहेब. डोंबिवलीकरांना देवी चालत नाही काय?" मी हसत दगडावरून उतरलो आणि माझ्यामागे त्याच दगडाच्या ठिकऱ्या उडाल्या. समोरच्या उतारावरून गोळ्या येत होत्या. मी घळीत कोसळलो. "साहेब, खालीच राहा!" संतोष ओरडला आणि उघड्यावरूनच गोळीबार करत राहिला. मदत येईपर्यंत आम्ही तग धरला. तो गेला होता.

पायात बूट असते तर तो आडोशाला पोचला असता, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

गेल्या नवरात्रात बायकोने टेंभी नाक्याच्या देवीला नेलं. काय मागावं सुचेना. 'आता तूच बघ,' एवढंच मनात आलं. बायकोला घरी पाठवून मी कोपरीची वाट धरली.

संतोषने पाठवलेल्या फोटोवरून त्याच्या आईने मला ओळखलं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ती हाकलून देईल, शाप देईल, काहीही.

"अनवाणी होता?" तिने विचारलं. मी 'हो' म्हटलं.

"बूट घालून फिरला, माझा नवस मोडला, म्हणून देवी कोपली, असंच धरून बसलेले मी. मीच बोललेले ना तो नवस. सांगणार कुणाला?" ती रडू लागली. मग डोळे पुसून माझ्यावरच चिडली, "इतकी वर्षं कुठे होतास रे? आधी यायचंस की!"

तिने साबुदाण्याची खिचडी पुढ्यात ठेवली. "जगलास ना? मग खा पोटभर."

संतोष का गेला, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ते मागणं मी सोडून दिलं आहे. जे मी लाजेने लपवलं, त्याचीच ती माउली वाट पाहत होती. हे ज्या देवीला ठाऊक होतं, तिने मला त्या दारात नेऊन बसवलं. मी खाली मान घालून जेवलो.